कळंबाला वळसा

देवक मी तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. लग्नात पूजायचं एक झाड. दोन घरांचं झाड एकच निघालं की पोरापोरीनं बहीणभाऊ व्हायचं. हा कुठला न्याय? याविरुद्ध मी पत्रक लिहिलं, धुळ्याच्या बाजारात उभं राहून वाटलं. तरी रस्त्यात कळंबाचं झाड दिसलं की माझी सायकल आपोआप हळू होते.

आमच्या वाचनालयाचं हस्तलिखित मासिक होतं, संपादक मी. त्यात एक मुलगी लिहायची, सावद्याकडची, केळीवाल्या घरातली. शिक्षिका व्हायला धुळ्यात मावशीकडे राहिलेली. तिची अद्भुत कथा आम्ही क्रमशः घेत होतो. ढगातल्या गावातून खाली पडलेला एक पोरगा, ज्याचं कूळ कुणालाच ठाऊक नाही. पोरगा मला आवडला. लिहिणारी त्याहून. ती शनिवारी मजकूर घेऊन यायची, त्या दिवशी मी दोनदा भांग पाडायचो. बोलायचो मात्र समाजसुधारणेवर. लग्नाचं विचारायचं रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. एकदा थट्टेत तिला सांगितलं, आमचं देवक कळंब, आई त्याची काडीसुद्धा चुलीत घालत नाही. ती हसली नाही. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या भागात पोरगा पलीकडच्या काठावरच्या मुलीसाठी पूल बांधायला निघाला. वाटेतली सगळी झाडं त्यानं तोडली, 'कळंबाला मात्र वळसा घातला.' म्हणजे हा आमच्याच कुळीचा, म्हणजे हा मीच! मनातून सुखावलो, आणि त्याहून जास्त संतापलो. ढगातून पडलेल्यालाही देवक चिकटवायचं? तांबड्या पेन्सिलीनं ओळ खोडली.

"ही ओळ गेली तर तो कोणाचा, ते कळणार कसं?" तिनं विचारलं.

"कळूच नये. तोडू दे त्याला कळंब."

"आणि ती?"

"तिचं काय?"

तिनं कागद उचलले.

शेवटच्या भागात त्यानं कळंब तोडला, त्याच्याच फळ्यांचा पूल झाला. मुलगी काठापर्यंत आली, पहिल्या फळीशी थांबली आणि मागे फिरली. कथा तिथंच संपवलेली. मी वाचनालयात तणतणलो, की ह्या मुलीला मागे फिरायला काही कारण तरी दिलंय का? पुस्तकं सांभाळणाऱ्या आबांनी चष्मा लावून मागचा भाग उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मुलगी शेळ्यांसाठी पाला काढत होती, 'कळंब सोडून.'

"पोरनं देवक बी कळंबच शे, भाऊ," आबा म्हणाले. "त्या लाकूडवर ती पाय कशी ठेवी? तुले समजनं नही?"

तोवर ती सावद्याला परत गेली होती, तिथल्याच घरात लग्न ठरलं होतं. आपलं झाड एक असलं तरी मला चालेल, एवढंच तिला सांगायचं होतं. ते मी अख्ख्या बाजाराला वाटलं, तिला सोडून. ती मला परत फिरवत होती की माझ्या तोंडून तेच ऐकायला थांबली होती, कोण सांगणार?

सावद्याची सभा मी कधी चुकवत नाही. देवकावर कडक बोलतो, आणि बोलताना बायका बसल्यात त्या बाजूला बघत राहतो.