स्टँडवर घ्यायला येणारी सायकल

माझा भाऊ सायकलवरून पडून गेला नाही.

आधीच सांगून टाकते, कारण वर्षभर भेटेल तो तेच विचारतोय. "पडले का हो सायकलवरून?" अरे बाबा, नाही! जेवला, पलंगावर आडवा झाला आणि पॅरालिसिसचा दुसरा अटॅक आला. सायकल बिचारी अंगणात उभी होती.

आज दादाला जाऊन वर्ष झालं.

माझं माहेर अमरावती, सासर अकोला. लग्न झाल्यापासून मी जेव्हा जेव्हा अमरावतीच्या स्टँडवर उतरले, दादा गेटपाशी हजर. आधी बाबांची सायकल घेऊन, मग लूना, मग स्कूटर.

'कशी आहेस, प्रवास कसा झाला' असलं काही नाही. हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "दे थैली."

चाकांची महागडी बॅग असली तरी त्याच्यासाठी थैलीच.

मग पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. पुष्कळसं परत आलं, पण डाव्या हातात ब्रेक दाबायची ताकद राहिली नाही. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली.

त्यानंतर मी पहिल्यांदा ऑटोनं घरी पोचले, तर हा एवढा मोठा माणूस दारात रडायला लागला.

"मले चालता येत नाई याचं काई नाई वाटत, बेबी. तुले घ्याले येता येत नाई."

"दादा, पन्नाशी आली माझी. मी काय हरवते का आता?"

"हरवत नाईस. पन तुही थैली कोन घेईन?"



आठ-दहा दिवसांनी फोन. आवाजात एकदम जोर.

"डॉक्टरनं स्कूटर बंद केली. सायकलचं तो बोललाच नाई!"

मागून वैनीचा आवाज, "पडले तं मी उचलनार नाई, सांगून ठेवते!"

नवी सायकल त्याला चालणार नव्हती. "आजकालच्या सायकली म्हंजे पापड," म्हणे. न्हाणीमागे बाबांची जुनी काळी सायकल पडलेली होती. बाबा तिच्यावर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कामाला जायचे. तिची फ्रेम घ्यायची आणि बाकीचं भंगारातून जमवायचं, असं ठरलं.

कॅरिअर एका दूधवाल्याच्या सायकलचं मिळालं, दोन कॅन सहज पेलणारं. हँडल माझ्या कॉलेजच्या लेडीज सायकलचं. सीट वैनीच्या भावानं चांदूर बाजारहून पाठवली. दोन्ही ब्रेक उजव्या हाताला घेतले.

प्रश्न आला दांड्याचा. दादाला टांग मारून बसणं शक्य नव्हतं, म्हणजे वरचा दांडा कापायलाच हवा. आणि त्याच दांड्यावर बसून मी शाळेत गेलेली. त्या दिवशी मी अमरावतीतच होते. वेल्डिंगवाले सलीमभाई कटर हातात घेऊन थांबले.

दादा दांड्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "कापा सलीमभाई. बाबानं हा पोरीले बसवाले ठेवलता. आता पोरगी लय जाड झाली."

मेल्यानं मला रडूही दिलं नाही.

तोच दांडा सलीमभाईंनी खाली, पाय सहज पलीकडे जाईल असा जोडून दिला.

पुढचं चाक आणायचं काम माझ्याकडे होतं. अकोल्याच्या जुन्या बाजारात मी एक जाडजूड टायरचं, दणकट चाक बघितलं. अमरावतीच्या खड्ड्यांना हेच पाहिजे, म्हटलं. चाकाचं माप विचारावं, हे डोक्यातच आलं नाही. मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणतो, "मॅडम, याचं टिकट कोन काढीन?"

अमरावतीत लावून पाहिलं, तर मागचं चाक मोठं, पुढचं लहान! सायकल रस्त्याला वाकून नमस्कार करून राहिली.

सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "बेबीताई, ये सायकल है के घसरगुंडी?"

मी म्हटलं, बदलून आणते. दादा ऐकेचना.

"राहू दे. एसटीत मांडीवर आनलं तिनं."

मग चाक धरणारा चिमटाही त्या जाड टायरच्या मापाचा शोधावा लागला. पण चाक तेच राहिलं.

सायकल तयार झाली, तेव्हा शेजारचा चहावाला म्हणाला, "चाकाखाली लिंबू ठेवा, भाऊ." आमच्या घरी बाबांच्या काळापासून लिंबू-नारळ बंद. दादा म्हणाला, "लिंबू इकडं दे. सरबत करतो, घाम आला मले."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्टँडवर उतरले. गेटपाशी दादा. घामानं शर्ट चिंब, डावा हात हँडलवर नुसता ठेवलेला, आणि चेहरा असा की जणू विमान चालवत आला.

"दे थैली."

मी त्या गर्दीत ढसाढसा रडले. दादा म्हणतो, "पाह्यतात ना लोकं, येडी!"

थैली कॅरिअरवर, तो सायकलवर, मी बाजूनं चालत. मी मागं पडले की थांबायचा. पुढं तो असाच येत राहिला. शेवटपर्यंत आला.

परवा वर्षश्राद्धाला निघाले. श्राद्ध म्हणजे आमच्यात बुद्धवंदना आणि जेवण. वैनीला फोन केला, मी ऑटोनं येते.

स्टँडवर उतरले. पाय सवयीनं गेटकडे गेले आणि मग आठवलं की कोणी नाही. खरं सांगते, थैली खाली ठेवून तिथंच उभी राहिले.

तेवढ्यात ती वाकलेली सायकल दिसली.

वैनी घेऊन आली होती. वैनीला सायकल चालवता येत नाही. आयुष्यात कधी बसली नाही. घरापासून स्टँडपर्यंत, ट्रॅफिकमधून, हातात धरून पायी लोटत आणलेली. पदरानं तोंड पुसत उभी.

"वैनी, कावून आल्या एवढ्या लांब? अन हे कशाला आणलं?"

वैनीनं हात पुढे केला.

"द्या थैली."

आम्ही दोघी सायकलच्या दोन बाजूंनी चालत घरी गेलो.

दादा, नीट पोचलो रे.

जय भीम.