काकूंच्या हातातली टॉर्च

लढाईत गोळी कुणावर झाडायची आणि कुणावर नाही, एवढा एकच विषय मास्तर जवानांना अठरा वर्षं शिकवत होते. शरण आलेल्यावर नाही, जखमीवर नाही, घरात बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांवर तर मुळीच नाही. वर्गात गडी खुशाल डुलक्या काढायचे. म्हणून मास्तरांनी मैदानामागे प्लायवूडचं घर उभारलं आणि त्यात चक्क स्वतःच्या बायकोला बसवलं. त्या सगळ्यांच्या काकू. कधी लाटणं, कधी छत्री घेऊन त्या दाराआडून पुढे यायच्या. काडतुसं नुसती आवाजाची. पण घाबरून जो चाप ओढी, त्याला काकू शेजारी बसवून चहा पाजायच्या आणि विचारायच्या, "माझ्या हातात काय होतं रे?" भलेभले पैलवान त्या चहाने घामाघूम व्हायचे.

यंदाच्या तुकडीत त्यांची लेक होती. पास झाली तर सोमवारी सीमेवर, नापास झाली तर आणखी तीन महिने इथेच.

"नापास करा तिला," सकाळी काकू म्हणाल्या.

"असं कसं करू?"

"बाप आहात ना?"

मास्तर बुटाची नाडी बांधत राहिले. लेकीने जाऊ नये असं त्यांनाही वाटत होतं.

"मग मीच बघते," काकू म्हणाल्या.

लेक दार ढकलून आत आली, तेव्हा काकूंनी आजवर कुणाशी केली नव्हती अशी लबाडी केली. अंधाऱ्या कोपऱ्यातून एकदम उठून त्यांनी काळी टॉर्च पिस्तुलासारखी तिच्या छातीवर रोखली. खिडकीबाहेरून मास्तर बघत होते.

लेकीचं बोट चापावर गेलं आणि बाजूला झालं.

"काकू," ती म्हणाली, कारण सरावात नातं चालत नसे, "हातातलं खाली ठेवा. घाबरू नका. तुम्हाला कुणी काही करणार नाही."

काकूंनी टॉर्च ठेवली.

लेक बाहेर गेल्यावर मास्तर निकालाचा कागद घेऊन आत आले, पण पेन काही पुढे सरकेना.

"पास लिहा," काकू म्हणाल्या.

"अगं, सकाळी तर तू..."

"सकाळचं सोडा. बंदूक समोर आली तेव्हा मला खरंच भीती वाटली हो. तिचा आवाज ऐकला आणि भीती गेली. तिकडेही कुणीतरी बाई अशीच दाराआड बसलेली असेल. तिच्या दारात आपलीच पोर जाऊ दे."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

त्या दिवशी कुणाचंच चुकलं नव्हतं. तरी काकूंनी चहा ठेवला आणि लेकीला हाक मारली.