दूधवाल्याने केलेली सही

वसईच्या सेलिनला इतिहासाचं वेड कॉलेजपासूनचं. लग्नानंतर विन्स्टनची नोकरी आखातातल्या फुजैराच्या तेल टर्मिनलवर, त्यामुळे ती तिथे येऊन पडली. ना ग्रंथालय, ना प्राध्यापक. तरी १९९७ साली तिने एका ब्रिटिश विद्यापीठात पार्टटाइम पीएचडीला नाव घातलंच. महायुद्धानंतर इंग्लंडच्या घराघरांत कपडे धुण्याची वगैरे यंत्रं आली, ती कोणाच्या मर्जीने, हा तिचा विषय.

जुन्या जाहिरातींत बायका वॉशिंग मशीनला टेकून नुसत्या हसायच्या. त्यांच्या मनातलं कोण सांगणार?

विन्स्टनच्या ब्रिटिश साहेबाची आई, मार्जोरी, लेकाकडे राहायला आली होती. सेलिन टेपरेकॉर्डर घेऊन पोचली, पण म्हातारी ताकास तूर लागू देईना. "खरेदी? ती नवरेच करायचे," एवढंच. शेवटी सेलिनने टेप बंद केला. मार्जोरी गच्चीत कपडे वाळत घालायला निघाली, तशी हीही मागोमाग गेली आणि चादरीचं दुसरं टोक धरत तिने सहज विचारलं, "तुमचं पहिलं मशीन कधी आलं?"

मार्जोरी खुदकन हसली. "पगार माझा, फॅक्टरीतला. पण हप्त्यावर मशीन हवं, तर दुकानदार म्हणे नवऱ्याची सही आणा. नवरा बोटीवर! मग काय, आमच्या दूधवाल्याला नवऱ्याचा कोट चढवला आणि नेला दुकानात. त्याने अशी ऐटीत सही ठोकली!"

"आणि नवरा परत आल्यावर?"

"त्याला वाटलं, मशीन मला लॉटरीत लागलं."

सेलिन हसून हसून कपड्यांच्या टोपलीवरच बसली. "हे लिहू मी?"

"लिही की! फक्त दूधवाल्याचं नाव नको. त्याची बायको अजून ठणठणीत आहे."

मार्जोरीनेच मग क्लबातल्या आपल्या वयाच्या इंग्रज मैत्रिणी गोळा केल्या. दर सोमवारी सेलिनच्या हॉलमध्ये चहा, केक आणि एकमेकींवर कडी करणाऱ्या कहाण्या. कोणी भावाला नवरा केलं होतं, कोणी पाद्रीबाबांना जामीन. शाळेतून आलेली जेनिस दारातच थबकायची. "मम्मा, धिस इज नॉट स्टडी, धिस इज गॉसिप!"

"गॉसिपच गं बाय," सेलिन म्हणायची, "पण पुस्तकात कुठे मिळतं ते?"

२००२च्या वसंतात इंग्लंडला तोंडी परीक्षा झाली. दोन्ही परीक्षक गंभीर चेहऱ्याचे. पण 'उसना नवरा' या प्रकरणाशी आल्यावर त्यातल्या बाई हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. "माझ्या आईनेही हेच केलं असणार," त्या म्हणाल्या, "आज फोन करून विचारते."

सेलिन डॉक्टरेट मिळवून फुजैराला परतली, तो क्लबात जंगी पार्टी. विन्स्टनने सकाळपासून राबून कोळंबीचं लोणचं घातलेलं. मार्जोरीने काठी बाजूला ठेवली, त्याला हाताला धरून ओढलं आणि अरबी थाटात म्हणाली, "यल्ला, डॉक्टरीणबाईंचा नवरा, चल नाचायला!"