‘छोड़’ म्हटल्याशिवाय

चीनच्या लढाईच्या पुढच्या उन्हाळ्यात आमची इंजिनिअर्सची फील्ड कंपनी डोंगरातून खाली उतरून एका नदीकाठी कॅम्प करून होती. मी तेव्हा लान्स नाईक होतो. माझ्या सेक्शनमधला सॅपर उत्तम माझ्याच गावचा.

पहाटे पीटी, मग दुपारपर्यंत पुलाचं काम. पुलाच्या कामात माणसाचा जीव दोरावर असतो, म्हणून रोप पार्टीला एकच कायदा होता. ‘रस्सा पकड़’, ‘खींच’, ‘थम’ आणि शेवटी ‘छोड़’ असे हुकूम यायचे. ‘छोड़’ म्हटल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही, तळहात सोलून निघाले तरी. एकदा एका जवानानं मानेवरचा डास मारायला हात सोडला. सुभेदार साहेबांनी त्याला दोराचं बंडल पाठीवर देऊन दिवसभर ग्राउंडला फिरवलं. तो जवान म्हणजे उत्तम. त्यानंतर त्याच्याइतका घट्ट दोर कंपनीत कुणी धरला नाही.

आमचं गाव भातकुलीच्या पलीकडं, खारपाणाच्या पट्ट्यात. जमीन काळी, पण खालचं पाणी खारट. गोड पाण्याची विहीर एकच, आणि ती आम्हा कुणब्यांच्या ताब्यात. उत्तम वस्तीतला. छप्पन साली वस्तीतले सगळे बौद्ध झाले, तरी त्या विहिरीवर त्यांना पाय ठेवू देत नसत. त्यांच्या विहिरीचं पाणी असं की त्यात डाळ शिजायची नाही. कॅम्पमध्ये टँकर आला की आम्ही सारे एका रांगेत उभे. पहिल्या दिवशी उत्तम मगभर पाणी प्याला आणि म्हणाला, “देविदास, गोड पानी प्याले मले फौजेत या लागलं.” सेक्शन हसली. मीही हसलो.

मे महिन्यात आम्हा दोघांना एकदमच लीव्ह मिळाली.

उन्हाळ्यात त्या विहिरीचा गाळ काढायचा आमच्याकडं रिवाज होता. घरटी एक माणूस यायचा. वस्तीला अर्थातच बोलावणं नसे. आमच्या घरचा म्हणून त्या वर्षी मी गेलो. माझा चुलतभाऊ वासुदेव यानं नवं ऑइल इंजिन घेतलं होतं आणि ते दाखवायची त्याला हौस होती. पाइप आखूड पडला म्हणून त्यानं इंजिन विहिरीच्या आतल्या टप्प्यावर उतरवलं आणि सकाळभर तिथंच चालवलं. मी पोचलो तेव्हा पाणी उपसून झालं होतं, इंजिन बंद होतं आणि वासुदेव घमेलं घेऊन खाली उतरलाही होता. तळाशी पोचला आणि गाळातच आडवा झाला.

लोक ओरडू लागले. उत्तम तेव्हा विहिरीजवळच्या पांदणीनं अमरावतीची एसटी धरायला निघाला होता. तो धावत आला.

“इंजिन आत चालवलं?” त्यानं मला विचारलं.

“आत.”

आम्हा दोघांना पुढचं सांगायची गरज नव्हती. बंद खंदकात जनरेटर चालवला तर त्याच्या धुरानं माणूस निजल्या जागी मरतो, हे आम्हाला रिक्रूट असतानाच शिकवलेलं. मोटेचा जुना नाडा काठावर पडला होता. धड दोर तेवढा एकच. मी तो कमरेला बांधू लागलो.

“तू वरतं राह्य,” उत्तम म्हणाला. “हुकूम द्याले कोनी पाह्यजे. हे लोक माह्यं ऐकनार नाईत.”

माझे चुलते आबाजी, म्हणजे वासुदेवचे वडील, गावातले मोठे. ते म्हणाले, “हा इहिरीत उतरते?”

मागून कुणीतरी म्हणालं, “उतरू द्या ना, आबा. वासू मरून राह्यला तिकडं.”

आबाजींनी मान हलवली. उत्तमला मरणाच्या तोंडात जायची परवानगी मिळाली.

त्यानं दोर स्वतःच्या कमरेला बांधला, छाती भरून श्वास घेतला आणि तो उतरला. खाली स्वतःचा दोर सोडला, वासुदेवच्या काखेखालून घेतला आणि गाठ मारली. “खींच,” तो ओरडला. त्या वेळी दोराला इतके हात लागले की मलाच जागा मिळेना. वासुदेव वर आला. मी म्हणालो, “थांबा. दोर सोडा त्याचा, आधी दोर.” कुणी ऐकलं नाही. सगळ्यांनी मिळून वासुदेवला उचललं आणि लिंबाच्या सावलीत नेलं. दोर त्याच्या मागं फरफटत गेला.

मी मागं पळालो. गाठ उत्तमनं मारलेली, ती सहज सुटणारी नव्हती. एकाच्या हातातला विळा ओढून घेतला, दोर कापला आणि परत आलो. उत्तम भिंतीला टेकून बसला होता. मी फास करून खाली टाकला.

“उत्तम, काखेत घे.”

त्यानं एक हात घातला. दुसरा घालायला फार वेळ लागला.

“खींच,” तो म्हणाला. आवाज जेमतेम आला.

मी मागं वळून म्हणालो, “धरा.”

सारं गाव उभं होतं. एकानं आपले तळहात पाहिले. आबाजी म्हणाले, “वस्तीत निरोप धाडला हाय. ते येतीन अन् काढतीन आपला मानूस.” आमच्या शेजारचा एक तरुण म्हणाला, “मी धरतो, पन एकटा कसा धरू?” तो आजूबाजूला बघत राहिला, आणि बाकीचे त्याच्याकडं. एकानं हात लावला असता तर दहा लागले असते, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे. त्यामुळंच मला त्यांची जास्त किळस येते. ती माणसं खुनी नव्हती. माझ्या लग्नात त्यांनी पंगती वाढल्या होत्या. दुसरा कुणी हलतो का, एवढंच प्रत्येकजण बघत होता.

मी एकट्यानं ओढत होतो. उत्तम दोन हात वर यायचा आणि हातभर खाली जायचा. मग त्याचे वडील सखारामकाका वस्तीकडून धावत आले. म्हातारा माणूस, धापा टाकत होता, पण आल्या आल्या माझ्या मागं त्यांनी दोर धरला. आम्ही दोघांनी उत्तमला वर काढलं.

त्याचा श्वास थांबला होता. मी त्याला पालथा घातला आणि शिकवल्याप्रमाणं पाठ दाबत राहिलो. काही उपयोग झाला नाही. मान वर केली तेव्हा सखारामकाका तसेच दोर ताणून उभे होते.

“काका, सोडा आता.”

त्यांना ऐकू गेलं नाही. मग सवयीनं माझ्या तोंडातून निघून गेलं, “छोड़.”

त्यांनी दोर सोडला आणि ते खाली बसले.

वासुदेव वाचला. दुसऱ्या दिवशी गावानं ठरवलं की विहीर बाटली, ती पुन्हा उपसायची. रात्रीतून जेवढं पाणी आलं होतं तेवढं. इंजिनाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून दोर आणि बादल्या आल्या. घरटी एक माणूस आला. एकही घर चुकलं नाही. पाळ्या लागल्या. एक दमला की न सांगता दुसरा पुढं होई. आबाजी थांबा म्हणाले की थांबत, ओढा म्हणाले की ओढत. अशी रोप पार्टी मी फौजेतही क्वचित पाहिली. ओळीच्या शेवटी, घोंगडी पांघरून, पिवळ्या चेहऱ्याचा वासुदेव दोराला हात लावून उभा होता.

“तू कावून आला?” मी विचारलं.

“आमच्या घरचं कोनी नसलं तं लोक काय म्हनतीन?”

 मी काठावर गेलो आणि विहिरीत थुंकलो.

“आता माह्यानंही बाटली,” मी म्हणालो. “उपसा अजून.”

त्या दिवसानंतर माझ्या घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही आणि मलाही बोलायचं नव्हतं. उरलेली लीव्ह मी सखारामकाकांकडं काढली. तिथलं खारं पाणी प्यालो. पहिल्या दिवशी पेला हातात देताना उत्तमची आई म्हणाली, “खारं हाय, बापू.” मला मान वर करवली नाही.

कंपनीत परतलो. कमांडर साहेबांपुढं रिपोर्ट दिला.

“कितने लोग थे वहाँ?”

“पूरा गाँव, साहब.”

“रस्सा किसने पकड़ा?”

“दो जनों ने. मैंने और उसके बाप ने.”



सॅपर उत्तम लढाईत पडला नाही. तो रजेवर असताना गेला, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर नाही. पण मी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी पुलाच्या कामावर सेक्शन फॉल-इन झाली तेव्हा दोरावरची त्याची जागा कुणी भरली नाही. दोन्हीकडचे जवान मधे एका माणसाची जागा सोडून उभे राहिले. सुभेदार साहेबांनी ते पाहिलं. ‘रस्सा पकड़’ म्हणाले. काम झालं. मग ‘छोड़’ म्हणाले.

कुणी सोडला नाही. त्यांना दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.