आमच्या घरचा पाट

आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे घरचा पाट हमरापूरच्या कारखान्यात नेऊन द्यायचा. कारागीर त्याच पाटावर मूर्ती बसवून देतो. ज्या घरचा पाट, त्या घरी गणपती. सासरे गेले त्या पावसाळ्यात आमच्या पेणजवळच्या घराची माजघरातली भिंत बसली आणि मोठे दीर पाट ठाण्याला घेऊन गेले.

"फक्त यंदा," ते म्हणाले. "घर नीट झालं की गणपती इथंच."

मी ते खरं धरून बसले. इतकी शहाणी मी!

नवरा नागोठण्याला कंपनीत. शिफ्ट करून आला की कपडे बदलून माती कालवायला बसायचा. मी रोह्याची, माहेरी कधी घमेलं उचललं नव्हतं, ते इथे उचललं. खाडीचं वारं भिंतीला लोणा धरवतं, गिलावा दर पावसाळ्यात पापडासारखा सुटतो. तरी एका वर्षी भिंत उभी केली, पुढच्या वर्षी कौलं बदलली. तेव्हा दीर म्हणाले, जमीन सारवलेली आहे, पाहुण्यांना बरं दिसत नाही. लाद्या बसवल्या. मग जाऊबाईंनी गुडघे काढले.

"संडास परसात हाय गो तुमचा. मी बसू कशी?"

आमच्या घरात कुणाचेच गुडघे दुखत नव्हते, तरी घरात कमोड आला. दरवर्षी नवं काहीतरी निघायचं. कोपराला गूळ लावायचा तो किती वर्षं? तेवढ्या सगळ्या वर्षांत आम्ही आमच्याच गणपतीला ठाण्याच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखे हात जोडून आलो. मोदक मात्र माझ्याच हातचे लागायचे.

यंदा काहीच उरलं नाही. पडलेल्या भिंतीच्या जागी मुद्दाम मोठा कोनाडा ठेवला होता, त्याला रंग दिला. नवऱ्याने फोन केला, "दादा, यंदा पाट आणा."

"आणतो की. मीच परस्पर हमरापूरला देतो."

गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची गाडी अंगणात आली. मी पायावर घालायला दूधपाणी, भाकरतुकडा, कुंकू, सगळं घेऊन दारात उभी होते. मागच्या सीटवर गणपती, तोंडावर रुमाल, पोटावरून पट्टा. खाली आमचा पाट. सासऱ्यांनी त्याचा तुटलेला कोपरा पितळी पट्टीने जोडला होता, ती पट्टी मला लांबूनच दिसली आणि डोळे भरून आले.

जाऊबाई उतरल्या त्या माझ्या बाजूने थेट आत गेल्या. मागून दुसऱ्या गाडीतून त्यांच्या सुना, नातवंडं. एकेक जण संडासात जाऊन आला. "काय छान केलंय गो सगळं! लाद्या किती थंड!"

दीर गाडीपाशीच उभे होते. नवरा मूर्ती उचलायला पुढे झाला तर म्हणाले, "त्याला राहू दे गाडीत. एकदा घरात टेकवला की उचलता येत नाय."

"मग टेकवा ना इथंच. तसंच ठरलं होतं."

"अरे, तिकडे मखर झालंय, सोसायटीची माणसं येतात. आता बाप्पाला तिथलीच सवय झाली."

नवऱ्याने पुढे केलेले हात मागे घेतले. मोठ्या भावापुढे तो जन्मभर असाच मागे सरला आहे. त्या क्षणी मला दिरांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

त्यांनी चहा घेतला. जाऊबाई निघताना म्हणाल्या, "उद्या लवकर ये हां, मोदक आहेत." मी म्हटलं, "नाय यायची." त्यांना ते गमतीचं वाटलं. मी भाकरतुकडा गाडीवरूनच ओवाळला आणि गाडी गेली त्या दिशेला फेकला.

दुसऱ्या दिवशी खरंच गेले नाही. नवरा एकटा गेला.

आता त्या कोनाड्यात इन्व्हर्टर ठेवलाय, बरोबर मावतो. येणारेजाणारे म्हणतात, घर अगदी मनासारखं झालं तुमच्या. मी त्यांना पाणी देते आणि संडास कुठे आहे ते दाखवते.