आबांच्या दुधाच्या किटलीत मोगरा

दोस्तहो, हाताची माती धुऊन थेट सायबर कॅफेत आलोय. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. आज सकाळी अडगळीतनं त्यांची जुनी पितळी किटली काढली. म्हशी होत्या तोवर ते हिच्यातनंच घरोघरी दूध घालायचे. बुडाला खिळ्यानं भोक पाडलं, माती भरली आणि घरामागच्या परड्यात बसून तिच्यात मोगरा लावला. मोगरा आवडणारी जयसिंगपूरला असते, एवढंच सांगतो.

वळून बघतो तर आबा! तेव्हा आठवलं, दिवाळीच्या पाडव्याला म्हशींबरोबर या किटलीलाही हळदकुंकू लागायचं.

"भोक पाडलंस व्हय रं?"

माझंही डोकं तापलं. "नुसती गंजत पडली हुती की!"

आबा तरातरा आत गेले. वाटलं, आता काठी येणार. आला हातोडा.

"एका भोकानं पाणी निचरत न्हाय, येड्या. मुळं कुजतील. माती काढ आधी."

त्यांनी स्वतः आणखी दोन भोकं पाडली. रोप पुन्हा दोघांनी मिळून लावलं.

जाताना म्हणाले, "मोगरा कुणासाठी, ते जेवताना सांग."

आता घरी जेवायला निघालोय. सांगून टाकू का?