चिंचेखालची पिसं

सोपानभाऊजी जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना चहा नेऊन दिला, तर कप त्यांच्या हातात राहीना. मनगट खाली लोंबत होतं. हसून म्हणाले, "वहिनी, मी बी आता चिंचेवरचा कावळाच की."

आमच्या घरामागं शिशाची भट्टी होती. आळेफाट्याच्या गॅरेजांतून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणायच्या, फोडायच्या आणि आतलं शिसं वितळवायचं, हे काम माझे हे धाकटे दीर करायचे. भट्टीजवळच्या चिंचेवर कावळ्यांचा मुक्काम असे. हळूहळू ते ओरडेनासे झाले. नुसते बसायचे, भट्टीकडं तोंड करून... खाली पिसं पडायची. पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई ती तपासायला न्यायच्या. पीस उगवताना पाखराच्या रक्तातलं विष त्यात उतरतं आणि तिथंच राहतं, असं त्या सांगायच्या. भाऊजी त्यांच्यासाठी पिसं वेचून ठेवायचे आणि थट्टा करायचे, "बाई, कावळ्याचं झालं, माझं रगत कवा तपासता?"

एका खेपेला बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, पिसांत शिसं फार आहे. खरंच रक्त तपासून घ्या. भट्टी बंद करा."

भाऊजींना पटलं होतं. पण आमचे हे म्हणाले, "कावळ्याच्या पिसावरनं धंदा सोडू व्हय? लई शिकलं का माणूस असं बोलतं!" थोरल्या भावापुढं भाऊजी कधी बोलले नाहीत. दुखरं पोट धरून भट्टीशी बसत राहिले.

दहाव्याला येडगावला नदीकाठी पिंड ठेवला. कावळे आले, ओळीनं बसले. आवाज नाही की हालचाल नाही. गेलेल्याची इच्छा राहिली तर ती पुरी करायचा शब्द द्यायचा, अशी आमची रीत. ह्यांनी हात जोडले, "सोपाना, भट्टी बंद पडू देणार न्हाई. तुझ्या जागी गणूला बसवतो."

गणू आमचा मुलगा. कावळे जागचे हलले नाहीत.

चार माणसांत मी तोंड उघडत नाही. त्या दिवशी माझाच आवाज मला परका वाटला. "भाऊजी, भट्टी बंद करतो आमी."

एक कावळा निघाला. उडाला नाही. एक पंख वाळूत ओढत चालत आला, पिंडाला चोच लावली आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघत राहिला... पिंडापुढं दिलेला शब्द मोडायची ह्यांची छाती झाली नाही. घरी येऊन त्यांनी स्वतः भट्टी फोडली.

भाऊजींच्या खोलीत आता कोणी झोपत नाही. तरी झाडायला दार उघडलं की कधी कधी आत एखादं पीस पडलेलं असतं. खिडकी तर बंद असते. मी ते बाईंसाठी कागदात बांधून ठेवते. त्याआधी उजेडात धरून बघते. काळंभोर, तुकतुकीत असतं. आत काय उतरलंय, ते दिसत नाही.